बायको लेकराला लस देऊ देत नाही. कोर्ट काही करू शकतं का?

मांजराकाठ | १२ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी लातूर जिल्ह्यातला, नोकरीला चाकणला. बायको नोव्हेंबरपासून माहेरी, अंबाजोगाईच्या पुढं एका गावात. आमचा मुलगा तिच्याजवळ, १९ महिन्यांचा. मी नांदायला येण्याचा दावा टाकलाय, तिनं पोटगीचा. तारखा चालू आहेत. त्याबद्दल काही विचारायचं नाही.

प्रश्न लसीचा आहे. दीड वर्षाचे डोस राहिलेत: गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओचा बूस्टर. १६ ते २४ महिन्यांत द्यायचे असतात. ती म्हणते देणारच नाही. तिच्या भावानं फोनवर सरळ सांगितलं, "एकदा झटका आला तेवढा बस झाला." ९ महिन्यांच्या डोसानंतर लेकराला ताप येऊन झटका आला होता, हे खरंय. त्यानंतर काही नाही, चांगलं धावतंय. शेजारच्या गावात गोवर निघालाय असं परवा कळलं, तेव्हापासून झोप नाही.

आमचे वकील म्हणतात, ताब्याचा अर्ज टाकू, लस हा भारी मुद्दा आहे. कोर्ट तिला लस द्यायला लावू शकतं का? कुणाचा अनुभव?

गोदाकाठची | १२ जून, रात्री ११:१५

"भारी मुद्दा" इथंच अडखळले. तुम्हाला लेकराला लस द्यायचीय की लेकरू घ्यायचंय? दोन्हीचे अर्ज वेगळे असतात भाऊ. मी स्वतः नांदेडच्या कोर्टाच्या पायऱ्या चार वर्षं झिजवल्यात, म्हणून विचारते.

मांजराकाठ | १२ जून, रात्री ११:२८

ताई, लसच द्यायचीय. ताबा मागून करू काय, मी रात्रपाळीत.

गोदाकाठची | १२ जून, रात्री ११:३१

मग हे वकिलांना असंच सांगा.

जागे_व्हा | १३ जून, सकाळी ६:०२

[प्रतिसाद संपादित. औषध कंपन्या आणि व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ यांसाठी वेगळा धागा काढावा. – संपादक]

निशाणी_पाच | १३ जून, दुपारी १:१०

संभाजीनगरला कौटुंबिक बाजूची वकिली करते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुकड्यातुकड्यांत येईल.

आधी एक गैरसमज काढू. मुलांच्या लसीकरणाची सक्ती करणारा देशपातळीवरचा कायदा आज आपल्याकडं नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जेकब पुलियेल खटल्यात सांगितलं की कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, शरीरावरचा अधिकार अनुच्छेद २१ मध्ये येतो. तिच्या वकिलानं हा निकाल काढला तर घाबरू नका. तो वाद सरकार विरुद्ध नागरिक असा, कोविडच्या लसीचा होता. तुमच्याकडं सरकार कुणाच्या मागं लागलेलं नाही. दोन पालक आहेत, आणि ज्याच्या दंडाला सुई लागायची त्याला अजून नीट बोलता येत नाही. त्याच्या वतीनं कुणी ठरवायचं, एवढाच प्रश्न.

२०१९ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं शाळांमधल्या गोवर-रुबेला मोहिमेबद्दल सांगितलं होतं की ज्या पालकांनी नकार दिलाय त्यांच्या मुलांना लस द्यायची नाही, आणि लसीचे दुष्परिणामही पालकांना सांगायचे. म्हणजे पालकाच्या "नाही"ला किंमत आहे. पण एकानं "हो" आणि दुसऱ्यानं "नाही" म्हटलं तर काय, याचं उत्तर त्यात नाही. ते शोधायला बालकाच्या पालकत्वाच्या कायद्याकडंच यावं लागतं.

निशाणी_पाच | १३ जून, दुपारी १:३४

तर पालकत्व. तुम्ही हिंदू आहात असं धरून चालते. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याचं कलम ६ सांगतं की नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्या "नंतर" आई, आणि ५ वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ. या "नंतर"वर बरेच बाप्ये उड्या मारतात. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती उडी मोडून काढली. "नंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप प्रत्यक्षात सांभाळत नसेल तेव्हाही आई पालक असतेच. तेव्हा "मी बाप आहे, माझी सही चालते" हा सूर कोर्टात लावू नका. आणि कलम १३ प्रमाणे या सगळ्याच्या वर मुलाचं हित. लेकरू ही आईबापाची मालमत्ता नव्हे की खेळणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच म्हणून ठेवलंय.

अर्ज कुठं? पालकत्वाच्या १८९० च्या कायद्याखाली गेलात तर मूल जिथं राहतं तिथलं कोर्ट, म्हणजे तुम्हाला बीड जिल्ह्यात जावं लागेल. पण तुमचा नांदायचा दावा आधीच चालू आहे. तो हिंदू विवाह कायद्याखालचा, म्हणून त्यातच कलम २६ खाली मुलाबद्दल अंतरिम अर्ज देता येतो. त्या कलमात ताबा, पोषण आणि शिक्षण असे शब्द आहेत, औषधपाणी असा वेगळा शब्द नाही. तरी मुलाचं हित बघताना कुठलंही कोर्ट आरोग्य बाजूला ठेवत नाही. अवांतर: त्याच कलमात ६० दिवसांत शक्यतो निकाल द्या असं आहे, पण ते पोषण-शिक्षणाच्या अर्जांना. लसीच्या अर्जाला तशी मुदत नाही. ती तुम्हीच मागायची, कारण २४ महिन्यांचं घड्याळ तुमच्याकडं आहे.

मागणी काय करायची ते सर्वांत महत्त्वाचं. ताबा मागू नका. मागा एवढंच: मुलाला सरकारी बालरोगतज्ज्ञाकडं तपासावं, आधीच्या झटक्याचे कागद त्यांना दाखवावेत, त्यांचं लेखी मत यावं, आणि ते हो म्हणाले तर राष्ट्रीय वेळापत्रकातले राहिलेले डोस आईनं, आईच्याच गावात, आईच्याच हातांनी द्यावेत. असा अर्ज वाचून न्यायाधीशांच्या कपाळावरची आठी जाते. ताब्याचा अर्ज आला की समोरच्याचा "से", म्हणजे लेखी उत्तर, यायलाच दोन तारखा जातात, मग पुरावा, मग उलटतपास. तोवर लेकरू बालवाडीत.

उदगीरकर_स्टुटगार्ट | १३ जून, दुपारी ४:५०

निशाणीताई, फार छान. इकडं जर्मनीत अगदी असाच खटला वरपर्यंत गेला होता. आईबाप लग्न न झालेले, वेगळे राहणारे, मुलगी आईकडं. बाप म्हणे लसी द्या, आई म्हणे नको. मे २०१७ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं लसीचा निर्णय घ्यायचा अधिकार बापाला दिला. मुलगी आईकडंच राहिली, ताब्याला हात नाही; फक्त त्या एका गोष्टीपुरता शब्द बापाचा. कारण तो इथल्या लसीकरण आयोगाच्या शिफारशीप्रमाणं चालायला तयार होता, आणि मुलीला धोका आहे असं दाखवणारं काही कागदावर नव्हतं. मला ती पद्धत आवडली. भांडणातला एकच धागा उपसून काढायचा, सगळं लुगडं उसवायचं नाही.

निशाणी_पाच | १३ जून, सायंकाळी ७:२०

इंग्लंडमध्येही २०२० च्या निकालापासून साधारण तीच रेघ आहे. तिथल्या वेळापत्रकातल्या लसीला कोर्ट नाही म्हणेल असं सहसा होणार नाही. ठोस नवं वैद्यकीय कारण असेल किंवा त्या मुलालाच लस चालत नाही असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. आपल्यावर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण वकिलाला वाचून दाखवायला हरकत नाही. फक्त आपल्याकडं "निर्णयाचा अधिकार अमक्याला" असा सुटसुटीत आदेश मागायची सवय कुणाला नाही. माझ्या पंधरा वर्षांत निव्वळ लसीवरून आलेला अर्ज मी एकदाच पाहिलाय. बाकी वेळा लस ही पोटगीच्या जबाबात सातव्या परिच्छेदात येते: "अर्जदार बाई मुलाच्या लसीकरणाकडं दुर्लक्ष करते." पुरावा शून्य.

बालरोग_जालना | १३ जून, रात्री ९:४५

नेटवर निदान करत नाही, पण जे कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं ते सांगतो.

९ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीचा ताप त्याच दिवशी येत नाही, साधारण ७ ते १२ दिवसांनी येतो. तुमच्या मुलाचा झटका कितव्या दिवशी होता? किती मिनिटं? सगळं अंग ताठलं की एकच बाजू? २४ तासांत परत आला का? नंतर लेकरू नीट शुद्धीवर आलं का? हे पाच प्रश्न. उत्तरं "आठ-नऊ दिवसांनी, दोन मिनिटं, सगळं अंग, परत नाही, हो" अशी असतील तर तो साधा तापातला झटका. ६ महिने ते ५ वर्षं या वयातल्या बऱ्याच लेकरांना कुठल्याही तापात तो येतो. दिसायला भयंकर, आईचा जीव जातो अक्षरशः, पण पुढची लस थांबवायचं ते कारण नाही.

थांबवायची कारणं वेगळी. आधीच्या डोसाला जीवघेणी अॅलर्जी, प्रतिकारशक्ती फार खालावलेली असणं, आणि डीपीटीच्या बाबतीत आधीच्या डोसानंतर ७ दिवसांत मेंदूला सूज येऊन लेकरू बेशुद्ध राहणं. यातलं काही असेल तर आईचं "नाही" बरोबर आहे, आणि कोर्टानंही तेच म्हटलं पाहिजे.

गोवराला "निघाला आणि गेला" समजू नका. ज्याला प्रतिकार नाही असं लेकरू आजाऱ्याच्या जवळ आलं तर दहातल्या नऊंना होतो. मागून न्यूमोनिया, जुलाब, डोळ्यांवर परिणाम. २०२२ च्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात काय झालं ते आठवा. ९ महिन्यांच्या एका डोसानं सुमारे ८५ टक्के लेकरांनाच संरक्षण मिळतं, दुसरा डोस उरलेल्यांसाठी असतो. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत, डीपीटी ७ वर्षांपर्यंत देतात. तेव्हा २४ महिने उलटले म्हणजे सगळं संपलं असं नाही. पण गावात गोवर असताना थांबण्यात अर्थ नाही.

आशा_धारूर | १४ जून, सकाळी ८:३०

डॉक्टर साहेबांचं बरोबर हाय. मी आशा हाव, १३ वर्षं झाली. आमच्याकडं निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातंय. लेकराच्या मायबापाचं घर मोडलं तर बाप एका टोळीत, माय दुसऱ्या टोळीत, न लेकरू आजीपाशी. सिस्टर ड्यू लिस्ट, म्हंजी डोस राहिलेल्या लेकरांची यादी, काढतात, मी घरी जाती, आजी म्हणती "त्याच्या बापाला इचार." बापाचा फोन कर्नाटकात, लागत न्हाई. आता सांगा सही कुणाची? आम्ही आजीला समजावून घेऊन जातो उपकेंद्रावर. नवरा-बायको दोघांच्या सह्या कुणीच मागत न्हाई, लेकरू जो घेऊन येतो त्याला इचारून देतेत. पर दुसऱ्यानं येऊन "माझ्या लेकराला द्यायची न्हाई" म्हणून लेखी दिलं की सिस्टर थांबतेत. त्या बिचाऱ्या कुणाच्या भांडणात पडणार.

एक इचारू का भाऊ. कार्ड कुठंय लेकराचं?

रोजाबाग | १४ जून, सकाळी १०:१२

आपली थोडी वेगळी गोष्ट. आमचा खुला (बायकोनं मागून घेतलेला तलाक) झालाय, मुलगी ४ वर्षांची, माझ्याकडं. आमच्याकडं मुलगी वयात येईपर्यंत आईकडं असते, पण पालक बापच समजतात. तिचे अब्बा पोलिओच्या थेंबांना नाही म्हणायचे, कुठून तरी काही ऐकलेलं. मी कोर्टात गेलेच नाही. बूथवर नेलं, बोटाला शाई लावून आणली, फोटो त्यांना पाठवला. आठ दिवस बोलले नाहीत, मग विचारलं, "पुढचा डोस कधी?" भारताला २०१४ मध्ये पोलिओमुक्त म्हणून मान्यता मिळाली, हे त्यांना माझ्या भाचीनं सांगितलं, माझ्या सांगण्याचा उपयोग नव्हता. सांगायचं एवढंच की ज्याच्याकडं लेकरू आहे त्याला कोर्ट लागत नाही. लागतं ते ज्याच्याकडं नाही त्याला. म्हणून तुमची अडचण खरी आहे.

@निशाणी_पाच, आमच्यासारख्यांना तोच १८९० चा कायदा ना?

निशाणी_पाच | १४ जून, सकाळी १०:४०

हो ताई. वैयक्तिक कायदा बघतात, पण मुलाचं हित त्यातही वजनदार. कौटुंबिक न्यायालय असेल तिथं सगळ्या धर्मांचे असे अर्ज त्याच दारात.

मांजराकाठ | १४ जून, दुपारी १२:०५

सगळ्यांचे आभार. डॉक्टर साहेब, झटका नवव्या दिवशी आला होता. बाकी उत्तरं मला नीट माहीत नाहीत, मी रात्रपाळीला होतो. कार्ड माझ्याकडंच आहे, म्हणजे आमच्या घरी कपाटात.

गोदाकाठची | १४ जून, दुपारी १२:२०

थांबा. कार्ड तुमच्या कपाटात. लेकरू सात महिने तिच्याकडं. आणि तक्रार काय, तर ती लस देत नाही?

दुसरं. डॉक्टरांच्या पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरं फक्त तिच्याकडं आहेत. त्या रात्री घरात कोण कोण होतं? दवाखान्यात कुणी नेलं? आणि तिला काय बोललं गेलं?

पाथरीकर | १४ जून, दुपारी १:००

ताई, जरा जास्तच नाही का होत? माणूस मदत मागायला आलाय, त्यालाच पिंजऱ्यात उभं करताय.

गोदाकाठची | १४ जून, दुपारी १:०४

पिंजऱ्यात नाही. समुपदेशक पहिल्याच भेटीत हेच विचारणार आहे. इथं उत्तर सुचलं तर तिथं त-त-प-प होणार नाही.

मांजराकाठ | १६ जून, रात्री २:१८

दोन दिवस लिहिलं नाही. ताईंचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

घरी फोन करून आईला विचारलं. आई-अण्णा आणि ती, तिघंच होते. रात्री साडेअकराला लेकरू ताठलं, डोळे वर गेले. अण्णांनी शेजाऱ्याची जीप काढली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, सकाळपर्यंत ठेवलं. जीपमध्ये लेकरू तिच्या मांडीवर होतं. आई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं उपकेंद्रावर न्यायला? तूच केलंस हे." आईनं हे मला आता सांगितलं, स्वतःहून, आणि गप्प झाली. मी चौथ्या दिवशी घरी गेलो तेव्हा बायकोनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. मी म्हणालो होतो, "झालं ना आता बरं?"

कार्डाचंही खरं आहे. जाताना तिनं मागितलं होतं की नाही मला आठवत नाही.

गोदाकाठची | १६ जून, सकाळी ७:१०

आता मला पुढं काही विचारायचं नाही. निशाणीताई सांगतील तसा अर्ज द्या. कार्ड हाती द्या, पोस्टानं नको.

निशाणी_पाच | १६ जून, सकाळी ९:५५

कार्ड आणि दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद, दोन्हींच्या झेरॉक्स अर्जाला जोडा, मूळ प्रती तिला द्या. आणि १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातली तीन कलमं वकिलांना आठवून द्या. कलम ९: आधी समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कामच आहे. कलम १२: कोर्ट वैद्यकीय तज्ज्ञाची मदत घेऊ शकतं. कलम १४: पुराव्याच्या नेहमीच्या कडक नियमांत न बसणारा कागदही कोर्ट बघू शकतं, म्हणजे डॉक्टरांना पिंजऱ्यात आणायची गरज सहसा पडत नाही, एक पानाचं मत पुरतं. शिवाय कलम १३ प्रमाणं वकील हा तिथं हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. तुम्ही स्वतः उभं राहून बोलू शकता, आणि बोला. तुमच्या वकिलांना वाईट वाटेल, वाटू द्या.

मांजराकाठ | ३ जुलै, रात्री ९:३०

धागा वर आणतोय.

अर्ज दिला, ताबा न मागता. वकील नाराज आहेत पण त्यांनीच टाइप केला. न्यायाधीश मॅडमनी वाचला आणि "से" मागवायच्या आधीच दोघांना समुपदेशकांकडं पाठवलं.

ती भावासोबत आली होती. भावाला बाहेर बसवलं. लहानशी खोली, टेबलावर काचेखाली कुणाकुणाच्या लेकरांचे फोटो. मी कार्ड काढून पुढं ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत होतं, त्यातच तिनं बारशाचा काळा दोरा ठेवला होता, मला माहीत नव्हतं. तिनं कार्ड उघडलं. ९ महिन्यांच्या रकान्यात निळ्या शाईत तारीख आणि सही, खालच्या रकान्यात सिस्टरनं शिसपेन्सिलीनं पुढच्या डोसाचा महिना टाकलेला. बराच वेळ त्या पेन्सिलीवर अंगठा फिरवत होती. मग समुपदेशकांकडं बघून म्हणाली, "हे मी नोव्हेंबरात मागितलं होतं."

मी म्हणालो, आईनं जीपमध्ये काय म्हटलं ते मला कळलंय. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पण डॉक्टरांचे पाचही प्रश्न तिनं एका दमात सांगितले. दोन मिनिटंही नव्हती, तिनं मोबाइलमध्ये बघितलं होतं. सगळं अंग ताठलं होतं. परत आला नाही. पहाटे चारला दूध प्यायलं.

तपासणीला ती तयार झाली.

बालरोग_जालना | ३ जुलै, रात्री १०:०१

दोन मिनिटंही नाही, हे तिला माहीत होतं म्हणजे तिनं सगळ्यांत नीट बघितलंय. तपासणाऱ्या डॉक्टरांना तिलाच बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

मांजराकाठ | १९ जुलै, सायंकाळी ६:४०

तपासणी झाली. सरकारी दवाखान्यातल्या बालरोग डॉक्टरांनी लिहून दिलं: साधा तापातला झटका, पुढील डोस देण्यास हरकत नाही, ताप आल्यास काय करावं हे आईला समजावलं. तिचा भाऊ म्हणाला, पुन्हा झाला तर जबाबदारी कुणाची? डॉक्टर म्हणाले, लस टोचणाऱ्याचीही आणि माझीही, फोन नंबर लिहून घ्या. भाऊ गप्प.

मग तिनं अट घातली. डीपीटीचा ताप पहिल्या दोन दिवसांत, गोवराचा सातव्या ते बाराव्या दिवसात, हे तिनं डॉक्टरांकडून लिहून घेतलंय. या सगळ्या दिवसांत मी चाकणला नसायचं. अंबाजोगाईत राहायचं, गाडीची सोय करून, फोन चालू ठेवून. तिच्या घरी यायचं नाही, पण अर्ध्या तासाच्या अंतरावर असायचं. "मी एकटी नसणार या वेळी," एवढंच म्हणाली.

ती अट तशीच्या तशी पुरसिसमध्ये, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनात, लिहिली, दोघांच्या सह्या झाल्या, मॅडमनी नोंदवून अर्ज निकाली काढला. निशाणीताई, कोर्टाच्या फाइलीत कागदाला जो निशाणी नंबर पडतो, तो आमच्या अर्जाला ५ पडला नव्हता, १४ पडला.

निशाणी_पाच | १९ जुलै, रात्री ८:१५

हा हा. हरकत नाही. पुरसिसची प्रमाणित प्रत काढून ठेवा. ५ वर्षांच्या डीपीटी बूस्टरच्या वेळी हाच वाद पुन्हा निघाला तर तो कागद उपयोगी पडेल. रजेचा अर्ज दिलात का?

मांजराकाठ | १९ जुलै, रात्री ८:३०

सुपरवायझर म्हणाला, लेकराला लस आणि रजा बापाला? दिली पण.

आशा_धारूर | २४ जुलै, दुपारी ३:००

आज दिली का भाऊ?

मांजराकाठ | २४ जुलै, दुपारी ३:४५

दिली. तिनं कार्डाचा फोटो पाठवला, पेन्सिलीवर आता निळी शाई आहे. उजव्या दंडात गोवर-रुबेला, मांडीत डीपीटी, तोंडात दोन थेंब. अर्धा तास थांबा म्हणतात, ती दोन तास उपकेंद्रावर बसली. सिस्टरनी चहा दिला.

पाथरीकर | २५ जुलै, सकाळी ९:२०

रात्री ताप?

मांजराकाठ | २५ जुलै, सकाळी १०:०५

१०१. पॅरासिटामॉल दिलं, पहाटे उतरला. मांडी सुजलीय, लंगडतंय थोडं. मी इथं लॉजवर, खाली चहाची टपरी आहे, मालक आता नावानं हाक मारतो.

मांजराकाठ | २ ऑगस्ट, रात्री १:४७

नववा दिवस. साडेअकरापासून ती दर अर्ध्या तासाला आकडा पाठवतेय. ९९.४. ९९.८. ९९.६. मी जीपवाल्याला खाली झोपवून ठेवलंय, किल्ली माझ्या उशाला. आत्ता आला: ९८.८. सोबत लिहिलंय, "झोपलंय. घाम आलाय."

गोदाकाठची | २ ऑगस्ट, रात्री १:५२

मीही जागीच होते, उगाच. झोपा आता. कार्ड कुणाकडं?

मांजराकाठ | २ ऑगस्ट, रात्री १:५५

तिच्याकडं. पोटगीची तारीख १९ ऑगस्टला आहे.